पांढरं सोडलं होतं

पहिल्यांदा कळलं ते देवाजवळ. आंघोळ करून, पूजेसाठी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन बसले होते. विभूती लावायला उजवा हात पुढे केला आणि वाटलं, तळहात रिकामाच आहे.  खाली बघितलं तर लिंग हातावरच होतं. डोळ्यांना दिसत होतं, हाताला कळत नव्हतं. लहानपणापासून ज्याचं वजन रोज हातावर घेतलं, ते त्या दिवशी हाताला ओळखू येईना.

मी कोणाला सांगितलं नाही. पूजेत आपलं मन नसेल, असं समजून गप्प बसले.

गप्प बसायची मला सवयच आहे. माझं माहेर देगलूर, सासर मुरूड. शिक्षण चौथीपर्यंत. मालकांचं किराणा दुकान घराच्या पुढच्या भागात, आणि मी मागच्या भागात. पाहुणे आले की माझा चहा बाहेर जायचा, मी नाही. मला काही विचारलं तर घरातलं कोणीतरी माझ्या वतीनं उत्तर द्यायचं आणि मला सुटल्यासारखं वाटायचं. माझं दुखणं लांबलं त्याला हा स्वभाव निम्मा तरी कारण आहे. म्हणून आधीच सांगून टाकते. ज्या बाईच्या हातापायांना मुंग्या येतात आणि जिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, तिच्यासाठी हे लिहिते आहे.

दुखतं पण कळत नाही

मुंग्या बोटांच्या टोकांपासून सुरू झाल्या. मग तळपाय जळायला लागले. आगीवर धरल्यासारखे, आणि निजल्यावर जास्तच. चालताना पायाखाली जमीन नसून जाड घोंगडी अंथरली आहे असं वाटायचं. न्हाणीघरात डोक्यावरून पाणी घेताना डोळे मिटले की तोल जायचा. एकदा तर मी तांब्यासकट भिंतीवर आदळले. सासूबाई बाहेरून ओरडल्या, "काय पाडलंस गं?" मी म्हटलं, "तांब्या."

खैरूनबी आमच्या घरी बांगड्या भरायला यायची. तिच्या सासूपासून त्यांच्याच घरच्या बांगड्या आम्ही भरत आलो. त्या वर्षी पंचमीला तिनं माझा हात दाबून बांगडी चढवली, तर बांगडी तडकली आणि काच अंगठ्याच्या मुळाशी शिरली. रक्त आलं. मी तिच्याशी बोलतच होते.

ती थांबली. "अय्यो मां, लग्या नै क्या तेरे कू?"

"काय लागायचं?"

तिनं माझा हात उलटा करून दाखवला. मी रक्त बघितलं आणि मग घाबरले. खैरूनबीनं पदरानं पुसलं, पुढची बांगडी हळू भरली आणि जाताना दारात म्हणाली, "भाबी, ये हात डाक्टरला दाखव. हात सोया हुआ है."

आठ दिवसांनी सासूबाईंनी माझे तळपाय शेकायला वीट तापवून फडक्यात गुंडाळून दिली. त्यांनी मायेनंच दिली. मी पाय ठेवून बसले, बरं वाटलं. उठले तेव्हा टाचेला हा एवढा फोड होता.

मालक वैतागले. "पाय दुखतेत म्हणती आन् भाजलेलं कळलं न्हाई म्हणती. एक कायतरी सांग की!"

मला तरी कुठं कळत होतं? दोन्ही खरं होतं.

घरी म्हैस हाय

लातूर जिल्हा नवा झाला होता. लातूरच्या दवाखान्यातल्या केसपेपरवर जुन्या जिल्ह्याचं छापील नाव खोडून वर शाईनं लातूर लिहिलेलं असायचं. बसमध्ये सगळे म्हणायचे, आता काय, सगळं इथंच होणार, मोठमोठे डॉक्टर येणार. मी मनात म्हणायचे, माझे पाय असेपर्यंत येऊ द्या.

लातूरला तीन डॉक्टरांना दाखवलं. तिघांकडेही एकच प्रकार व्हायचा. डॉक्टर मला विचारायचे आणि मालक उत्तर द्यायचे.

"भूक लागते का?"

"लागती की."

"जेवण कसं?"

"समदं खाती. आमच्या घरी दूधदुभत्याला कमी न्हाई साहेब, घरी म्हैस हाय. धा वर्षांखाली दुष्काळात दावण मोकळी होत आली होती, पर आता..."

मग म्हशीचं वर्णन. मी मान खाली घालून बसायची.

एकानं वात म्हटलं, तेल दिलं. एकानं नसा कमजोर म्हणून दुखण्याच्या गोळ्या दिल्या. त्यानं पोट जळायला लागलं, पाय तसेच. तिसऱ्यानं मालकांना बाजूला घेऊन सांगितलं, बाई फार विचार करतात, मनाचं आहे.  मुरूडच्या स्टँडवर उतरल्यावर मालक म्हणाले, "तुला घरात काय कमी हाय का? सांग. मी रागावणार न्हाई."

त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला त्यांचीच कीव आली.

दारातली सायकल

टाचेचा फोड चिघळला. कोणीतरी सांगितलं म्हणून महारोगाची तपासणी करणारा सरकारी माणूस सायकलवरून घरी आला. चांगला माणूस होता. पिसानं हात चाचपले, कोपराजवळची नस दाबून बघितली, कानाच्या पाळीतून रस घेतला. पंधरा दिवसांनी परत येऊन सांगून गेला, "काकू, तुम्हाला तो आजार नाही. आणि असता तरी गोळ्यांनी बरा होतो."

पण सायकल दोनदा आमच्या दाराशी उभी राहिली होती. गल्लीला तेवढं पुरलं. शेजारणीनं आमच्याकडे राहिलेली तिची हळदीची वाटी परत नेली नाही. दुकानात मी आत बसून पुडीत बांधलेली साखर नको, मालकांच्या हातची द्या, असं एक बाई तोंडावर म्हणाली.

आणि त्याच महिन्यात शिवकांताचं जमत आलं होतं. शिवकांता माझी एकुलती एक. उदगीरचं घर, आपल्यातलंच, मुलगा शाळेत मास्तर. त्यांच्याकडून निरोप आला: घाई नाही, पुढं बघू.

 शिवकांता दळण निवडत बसली होती आणि निवडलेले गहू पुन्हा निवडत होती. ते बघितलं आणि माझ्या मनानं घेतलं की ह्या दुखण्याचं नाव काढल्याशिवाय राहायचं नाही. जे असेल ते असो, पण नाव पाहिजे. नाव नसलं की लोक आपल्या मनानं ठेवतात.

जेवायला वाढताना मी म्हटलं, "मी नांदेडला जाणार. अण्णाकडं."

सासूबाईंचा घास हातात राहिला. "ह्या पायांनी?"

"ह्याच पायांनी."

"आन् तिथं काय येगळं सांगणार हाय डॉक्टर?"

"न्हाई सांगितलं तर हैदराबादला जाईन."

मी एवढं मोठ्यानं कधी बोलले नव्हते. मालकांनी बघितलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, "सोमवारी निघू."

नांदेड

माझा थोरला भाऊ अण्णा नांदेडला मोटारी दुरुस्त करतो. त्याच्या माहितीत एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांच्या बाकावर दोन तास बसलो. माझ्या शेजारी एक बाई होती, तिच्या हाताची दोन बोटं आखडलेली. तिनं आपणहून सांगितलं, "मला महारोग झालाय. गोळ्या चालू हायेत. तुमाला काय झालंय?" मी म्हटलं, माहीत नाही. तर ती म्हणाली, "मंग तुमचं लई अवघड हाय बाई. माझं तर ठरलंय." ती हसली, मीही हसले. तिच्यापासून सरकून बसावं असं आधी मनात आलं होतं, त्याची मला लाज वाटली.

डॉक्टरांनी जीभ बघितली. माझी जीभ ओढ्यातल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली होती, हे मलाच माहीत नव्हतं. मग एक लोखंडी चिमटा टेबलावर आपटून माझ्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला.

"काय कळतं?"

"गार लागतं."

"थरथर?"

"न्हाई."

तोच चिमटा कपाळावर टेकवला तर डोक्यात भुंगा शिरल्यासारखं झालं. मी दचकले. अण्णाला राहवलं नाही. "म्हंजे साहेब, इंजिन चालू हाय का ते हात लावून बगतो तसं?"

"अगदी तसंच. इंजिन चालू आहे, ह्यांच्या पायाला कळत नाही." मग त्यांनी मला पाय जुळवून डोळे मिटायला सांगितले. मी मिटले आणि सरळ अण्णाच्या अंगावर गेले.

रक्त घेतलं. दुर्बिणीतून ते स्वतः बघत बसले. परत आले तेव्हा चेहरा सावध होता. "गळ्यात लिंग आहे, म्हणजे मटण-मासळी नाही. बरोबर? आणि दूध?"

मालक पुढे सरसावले. "साहेब, आमच्या घरी म्हैस..."

"यजमान, घरात काय आहे ते नाही विचारलं. ह्यांच्या पोटात काय जातं ते विचारतोय." मग जरा हसून म्हणाले, "तुम्ही आणि अण्णा बाहेर जाऊन एकेक पान खाऊन या."

दार बंद झालं. खोलीत ते, मी आणि एक म्हातारी नर्सबाई. डॉक्टर काहीच बोलले नाहीत. माझ्यापेक्षा गप्प बसणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

आणि मला सांगायचं नव्हतं. कारण सांगितलं की नवस जातो.

दुष्काळातली वाटी

मोठ्या दुष्काळात शिवकांता सात वर्षांची होती. गोवर निघाला आणि आत गेला. अंगात काही राहिना. दावणीला एकच म्हैस उरली होती आणि ती वाटीभर दूध द्यायची. चारा नव्हता, पाणी टँकरचं. तेव्हा मी महादेवापुढे बसून बोलले, ही जगू दे, हिच्या डोक्यावर अक्षता पडेपर्यंत मी पांढरं तोंडात घालणार नाही. पांढरं म्हणजे दूध, दही, ताक, लोणी, तूप, सगळं.

देवाला सोडलं असं मी म्हणते, पण वाटीत होतं तेवढंच होतं. मी प्यायले असते तर तिला मिळालं नसतं.

शिवकांता उठली. पुढं पाऊस झाला, दावण भरली, दुकान चाललं. पण नवस अक्षतांपर्यंत होता आणि तो कोणाला सांगायचा नव्हता. घरात कोणाला कळलं नाही, कारण बायका सगळ्यांच्या शेवटी जेवतात आणि शेवटच्या जेवणाऱ्याच्या ताटाकडे कोणी बघत नाही. मी गुळाचा काळा चहा घ्यायची. ताकाचा पेला मागच्या दारी म्हशीच्या आंबोणात जायचा. प्रसादाचं दही डोळ्यांना लावून शिवकांताला द्यायची. सासूबाई म्हणायच्या, "हिला दुधाची आवडच न्हाई." दहा वर्षं हीच माझी आवड ठरली.

हे सगळं मी त्या खोलीत सांगितलं.  शेवटी विचारलं, "आता पोरीला काही होईल का?"

डॉक्टर म्हणाले, "देवाला सांगितलेलं देवाजवळ आहे. माझ्या कानात आलेलं मी कागदावरसुद्धा लिहीत नाही." मग त्यांनी समजावलं. ते मूळचे अर्धापूरकडचे, केळीच्या मळ्यात वाढलेले. "केळीला खत कमी पडलं की आधी पानांच्या कडा करपतात. खोड हिरवंच दिसतं. लोक म्हणतात, झाड चांगलं आहे. तुमच्या नसांचं तेच झालंय. लांबची टोकं आधी करपली, हात आणि पाय. नसांना लागणारं एक जीवनसत्त्व मटण न खाणाऱ्याला दुधातूनच मिळतं. अंगात साठा असतो, तो काही वर्षं पुरतो. तुमचा संपला."

"म्हंजे दूध प्यावंच लागेल?"

"कधी आहेत अक्षता?"

"मोडत आलंय."

त्यांनी कपाटातून एक बाटली काढली. "इंजेक्शन आहे. ते थेट अंगात जातं. तोपर्यंत दूध नाही प्यालात तरी चालेल."

"त्यात दूध असतंय का?"

नर्सबाई हसल्या. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी बाटली उजेडात धरली. डाळिंबाच्या रसासारखी लालभडक. "बघा. पांढरं आहे का?"

लाल औषध

आधी रोज, मग आठवड्याला, मग महिन्याला. नांदेडला अण्णाकडे पंधरा दिवस राहिले, पुढची इंजेक्शनं मुरूडच्या नर्सबाईंनी दिली.

ज्यांना हे औषध सुरू होईल त्यांना सांगते, पहिले दिवस मला जास्त दुखलं. झोपलेला पाय जागा होताना दुखतो तसं. मी घाबरून डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, दुखू द्या, जागं होतंय. पुढं काही दिवस मला काहीच फरक दिसला नाही. मी रोज सकाळी एक काम करायची. न्हाणीघरात भिंतीला हात लावून डोळे मिटायची आणि मनात आकडे मोजायची. आधी तीनलाच तोल जायचा. एका महिन्यानं दहापर्यंत गेले. दुसऱ्या महिन्यात भिंत सोडली. माझं औषध किती चाललंय ते मला ह्या आकड्यांवरूनच कळायचं.

मालकांना डॉक्टरांनी इतकंच सांगितलं होतं की नसांना खुराक कमी पडला. ते मनाला लावून बसले. एकदा दुकानातून उठून आत आले आणि चुलीपाशी उभं राहून म्हणाले, "मी म्हशीचंच सांगत बसलो. तुला इचारलंच न्हाई."

मी म्हटलं, "मी तरी कुठं बोलले?"

उदगीरची माणसं

माणसं शेवटी आली. बहुतेक नाही म्हणायलाच आली होती. मुलाची आई, तिची जाऊ आणि एक काका. चहा झाला, पोहे झाले. त्यांचं लक्ष माझ्या पायांकडे. मुलाच्या आईनं सासूबाईंना विचारलं, "मावशी, सूनबाईंचं दुखणं कसलं म्हणायचं?"

सासूबाईंनी तोंड उघडलं. त्या काय सांगणार होत्या मला माहीत नाही. मी चुलीमागून बाहेर आले.

"मला विचारा," मी म्हटलं. "महारोग न्हाई. असता तर गोळ्या घेतल्या असत्या आन् तुमाला तसंच सांगितलं असतं. मी धा वर्षं दूध सोडलं होतं, त्यानं नसा वाळल्या. आता औषध चालू हाय."

"दूध कशापायी सोडलं?"

इथं मी थांबले. मागं दाराआड शिवकांता उभी होती, तिच्या बांगड्या वाजल्या. सांगितलं की नवस जातो. आणि न सांगितलं तर लग्न जातं. मी विचार केला, देव ऐकून राहिला असेल तर त्याला कारणही कळत असेल.

"हिच्या जिवासाठी," मी म्हटलं. "अक्षता पडेपर्यंत."

 मग सासूबाईंचा आवाज फुटला. "धा वर्षं! माझ्या चुलीपाशी बसून धा वर्षं मला कळू दिलं न्हाईस! आन् मी जगाला सांगत फिरले, हिला आवड न्हाई म्हणून! म्हशीला ताक पाजलंस व्हय गं? तरीच ती माजली!"

मुलाची आई आधी हसली आणि मग पदर डोळ्यांना लावला. जाताना तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. सगळ्या गल्लीसमोर. मला तिच्या हातांची ऊब कळली. बोटांच्या टोकांना नाही, पण तळहाताला नक्की कळली.

दूध

शिवकांताला काही झालं नाही. माघात लग्न झालं. अक्षता पडल्या आणि सासूबाईंनी सगळ्यांदेखत माझ्यापुढे दुधाचा पेला धरला. "घे."

मी घोट घेतला आणि मळमळलं. दहा वर्षांनी तो वास मला सहन होईना. सगळे बघत होते, म्हणून डोळे मिटून गिळलं. डोळे मिटले आणि तोल गेला नाही. पेल्यातल्या दुधापेक्षा मला ते गोड लागलं. दुधाची सवय व्हायला अजून दोन महिने गेले. अजूनही मी ताकच बरं म्हणते.

पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत. डॉक्टर म्हणाले, तेवढी राहतील. राहू द्या. मी पायात वहाण घातल्याशिवाय अंगणात जात नाही आणि रोज पाय उलटे करून बघते, कुठं काही लागलंय का. इंजेक्शन महिन्याला एक, ते सोडत नाही.

जी कोणी हे वाचेल तिला एवढंच सांगायचं आहे. डॉक्टर विचारतात, काय खाता. त्यांना काय खात नाही तेही सांगा. उपास, नवस, सोडलेलं, टाकलेलं, सगळं. लाज वाटली तर माणसांना बाहेर पाठवा. आणि आपल्याला विचारलेल्याचं उत्तर आपणच द्या. हे मला चाळिशीत शिकावं लागलं.

पुढच्या पंचमीला शिवकांता माहेरी आली. खैरूनबी टोपली घेऊन आली आणि आम्ही दोघी तिच्यासमोर बसलो. शिवकांताच्या भरून झाल्या. मग तिनं माझा हात घेतला, उलटा करून अंगठ्याच्या मुळाशी राहिलेला जुना वण बघितला आणि दाबायला सुरुवात केली. हिरवी बांगडी हाडापाशी अडली. तिनं जोर केला.

"आई गं! हळू की!"

खैरूनबीनं हात सोडून दिला आणि माझ्याकडे बघत राहिली. "लग्या?"

"लागलं की!"

ती हसायला लागली, शिवकांता हसायला लागली. आतून सासूबाई ओरडल्या, काय झालं म्हणून. 

मी हात पुन्हा पुढे केला. "भर," म्हटलं. "दोन्ही हातांत भर."